आर्ट कॉलेजच्या नव्या बिल्डिंगला दात्यांची नावं – माजी विद्यार्थ्यांनो, बोला

रंगपेटी
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. आपल्या कॉलेजची (नाव टाकत नाही, जळगाव-धुळे पट्ट्यात जे शिकले त्यांना कळेल) नवीन बिल्डिंग उभी राहतीये, स्लॅब पडलाय, आत प्लास्टर चालू आहे. संस्थेने माजी विद्यार्थी मंडळाला एक कागद पाठवलाय, त्यात कोणत्या खोलीला किती देणगी दिली की नाव लागेल याचा तक्ता आहे. वरती मुख्य इमारत, मग प्रदर्शन दालन, मग लायब्ररी, पेंटिंग स्टुडिओ, शिल्पकला, असं खाली येत येत कँटीन, पाण्याची टाकी आणि आवारातली बाकडी. शिल्पकलेचा भाव पेंटिंगपेक्षा कमी लावलाय, का ते विचारू नका, बहुतेक तो विभाग मागच्या बाजूला आहे आणि येणाऱ्या पाहुण्याला दिसत नाही म्हणून.

मंडळाने यावर मत कळवायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. नाव द्यायला माझी अजिबात हरकत नाही. पण संस्था नाव विकतीये भिंतीचं, आणि भिंत झाली की त्या खोलीत पुढची वीस वर्षं शाडू, मॉडेलचं मानधन, लाइटबिल, छापाचित्राच्या प्रेसचं फेल्ट हे कोण आणणार याचा त्या तक्त्यात एक रकाना नाही. देणगी घेताना तोही खर्च त्यातच बांधून घ्यावा असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, मी सगळं एकत्र करून पत्र देणार आहे.

धुळ्याचा_भो
भो, एवढं मोठं लिखं पन मुद्दा एकच शे, पैसा कोन देई? आधी बिल्डिंग पुरी होऊ द्या, मग शाडूचं बघू.

जिनप्रेस_रोड
भोशी सहमत. आणि हे जे "नावं विकतात" वगैरे चाललंय ना ते जरा बंद करा, खान्देशात शिक्षण उभं राहिलं तेच शेठ लोकांच्या पैशावर. अमळनेरचं प्रताप कॉलेज १९४५ चं, नाव कोणाचं? श्रीमंत प्रताप शेठ, तिथल्याच गिरणीचे मालक. आणि त्याच माणसाने १९१६ ला तत्त्वज्ञान मंदिर काढलं, म्हणजे कापड गिरणीवाला शेठ अमळनेरसारख्या गावात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था काढतो, आज असा एक उद्योगपती दाखवा मला. जळगावचं एम.जे. म्हणजे मूळजी जेठा, मुंबईचं मूळजी जेठा मार्केट ज्या नावाचं तेच. ह्या लोकांनी नाव लावलं म्हणून शिक्षण बाटलं का? आपण सगळे त्याच कॉलेजांच्या कट्ट्यावर वडापाव खाऊन मोठे झालो.

आर्ट कॉलेजला तर असंही कोणी देत नाही. इंजिनिअरिंगला देतात, हॉस्पिटलला देतात, मंदिराला तर न मागता देतात. चित्रकलेला देणारा माणूस मिळाला तर त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, मी म्हणतो लाइटिंग पण करा.

उपयोजितवाला
मोठ्या अक्षरात लिहा पण नीट अक्षरात लिहा हो!! जुन्या बिल्डिंगमध्ये आमच्या उपयोजित कलेच्या दारावरची पाटी आठवते का कोणाला? काळा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी रंग, एका पाटीत तीन फॉन्ट, रफार उडालेला, आणि दात्याच्या नावापेक्षा उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांचं नाव दुप्पट मोठं. आत आम्ही वर्षभर अक्षरांकन शिकायचो, दोन अक्षरांमधली जागा डोळ्याने मोजायला शिकायचो, आणि बाहेर पडलं की ती पाटी. गावातला ग्रॅनाइटवाला जे करून देईल ते. माझी पहिली मागणी, पाटी कोणाचीही असू दे, ती कॉलेजातच डिझाइन झाली पाहिजे.

दुसरं. जिनप्रेस भाऊ, शेठ लोकांचे गोडवे ठीक, पण पैसा आला कुठून ते पण बघत जा. आपल्या सगळ्यांचं आजोळ म्हणजे मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ ला सुरू झालं, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते, तेव्हाचे एक लाख. आणि त्यांचा धंदा चीनशी, कापूस आणि अफू. हे काही लपलेलं नाही. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचं चित्रकलेचं शिक्षण ज्या नावाने ओळखलं जातं त्याच्या मागे अफूचा पैसा पण आहे.

जिनप्रेस_रोड
> त्याच्या मागे अफूचा पैसा पण आहे

बरं मग? शाळा बंद करायची का? त्याच पैशातून जे.जे. हॉस्पिटल पण झालं ना. दीडशे वर्षात किती पोरं शिकली तिथे. तो काळ वेगळा होता, इंग्रज सरकारच त्या धंद्यात होतं.

उपयोजितवाला
बंद करा कोण म्हणतंय. मी म्हणतोय नाव कायमचं देताना विचार करा, कारण उद्या काय बाहेर येईल सांगता येत नाही. सॅकलर कुटुंब बघा. जगातल्या अर्ध्या म्युझियममध्ये त्यांची दालनं होती. त्यांच्या कंपनीच्या ऑक्सिकॉन्टिन नावाच्या वेदनाशामक गोळीने अमेरिकेत व्यसनाचा कहर झाला, नॅन गोल्डिन ही फोटोग्राफर स्वतः त्या गोळीच्या व्यसनातून बाहेर पडलेली, तिने म्युझियममध्ये जाऊन आंदोलनं केली. २०१९ ला पॅरिसच्या लूव्रने नाव उतरवलं, २०२१ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने. आणि गंमत म्हणजे लूव्रला फार भांडावं लागलं नाही, त्यांच्याकडे दालनाचं नाव वीस वर्षांसाठीच देतात, ती मुदत होऊन गेलेली होती, बस. मुदत लिहिलेली असली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

उलटं उदाहरण पण आहे. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधला एव्हरी फिशर हॉल. १९७३ साली फिशर यांनी साडेदहा मिलियन डॉलर दिले, नाव लागलं. पुढे हॉल नवीन करायला पैसे हवे होते, नवा दाता हवा तर जुनं नाव काढायला हवं. २०१४ ला फिशर कुटुंबाला पंधरा मिलियन डॉलर देऊन ते नाव मोकळं करून घेतलं, मग डेव्हिड गेफेन यांनी शंभर मिलियन दिले आणि हॉलला त्यांचं नाव लागलं. म्हणजे घेतले त्यापेक्षा जास्त देऊन नाव परत विकत घेतलं. (महागाई धरली तर तोटा नाही म्हणा, पण तरी.)

धुळ्याचा_भो
आपल्याकडे कोणी गेफेन येत नाही, टेन्शन नका घेऊ 😀

चाळीसगावची
वाचतेय सगळं. थोडं मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

तुम्ही न्यूयॉर्क-पॅरिस फिरून आलात, आपल्या दाराशी काय आहे ते बघा की. आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला शके ११२८ चा, म्हणजे साधारण १२०६-०७ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, म्हणजे सिद्धांतशिरोमणी हा त्यांचा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ शिकवणारं कॉलेजच म्हणा. आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने त्याला देणगी दिली, त्याची नोंद त्या दगडावर आहे, शेवटचा भाग जुन्या मराठीत. आता ती देणगी कशी आहे बघा. बाजारात जो माल उघडेल त्यावरचा जो कर राजाकडे जायचा तो मठाला. जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल. गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या. धान्य मोजायचं ते मठाच्या मापाने, आणि मापाच्या आवकीत मठाचा वाटा. म्हणजे दर बाजाराला, दर घाण्याला काहीतरी येत राहणार. दिव्याला तेल कुठून येईल याचा विचार आठशे वर्षांपूर्वीच्या राजाने केला, आणि आपल्या संस्थेच्या तक्त्यात, रंगपेटी दादा म्हणतात तसा, तो रकानाच नाही.

दुसरं, पितळखोरा. चाळीसगावहून कन्नडकडे घाट चढून जायचं, गौताळ्याच्या जंगलात. अजिंठ्याच्या नादात लोक तिकडे फिरकतच नाहीत. तिथे खांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत, पैठणच्या गंधिक कुळातला मितदेव, राजवैद्य मगिल याच्या घरची माणसं वगैरे. म्हणजे खांब कोणी दिला ते खांबावर. पण तिथे एक यक्ष सापडला, बुटका, हसरा, डोक्यावर टोपलीसारखं भांडं धरलेला, आता दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. त्याच्या हातावर लेख आहे की हा कण्हदास सोनाराने केला. बघा, तिथे देणाऱ्याचंही नाव आहे आणि करणाऱ्याचंही. आपल्या नव्या बिल्डिंगमध्ये ज्यांनी हाताने काम शिकवलं त्यांचं नाव कुठे येणार? मोल्डिंग कसं करायचं ते आम्हाला सरांपेक्षा जास्त शिपाई मामांनी शिकवलं, हे इथल्या प्रत्येकाला माहितीये.

अजिंठ्यातही तेच, सोळाव्या लेण्याला वाकाटकांचा मंत्री वराहदेव, सव्विसाव्याला बुद्धभद्र भिक्षू, दहाव्या लेण्याचं दर्शनी काम वासिठीपुत कटहादि याचं. देणारे लेखात आले, रंगवणारे एकाचंही नाव सांगत नाहीत. वर १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याच दहाव्या लेण्याच्या खांबावर स्वतःचं नाव तारखेसकट खरडून गेला. एक रुपया न देता नाव लागलं त्याचं 😄

केळीचं_पान
ताई जबरदस्त. मले हे तेलाच्या घाण्याचं माहीतच नव्हतं, आणि पाटणादेवीला आम्ही दर श्रावणात जातो, दर्शन घेतलं की डबा उघडतो.

आमच्या रावेर-यावल भागात तसं होऊ शकतं. केळीवाला शेतकरी एकदम पाच-दहा लाख देणार नाही, पण कटाई झाली की गाडीमागे थोडे देईल. गणपतीची, सप्ताहाची वर्गणी देतोच ना. फक्त त्याचं नाव कुठे लागेल ते सांगा, नाव लागल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाकीट काढत नाही हेही खरं, मंदिराच्या पंख्याच्या पात्यावर आजोबांचं नाव आहे आमच्या.

सीए_तापीकाठ
थोडं कागदावर आणतो, कारण भावना सगळ्यांच्या चांगल्या आहेत पण पावती फाडताना गडबड होते.

रंगपेटी जे म्हणताय त्याला आमच्या भाषेत कॉर्पस म्हणतात, कायम निधी. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून खर्च करायचा. पण देणगी कॉर्पसला जाण्यासाठी दात्याने तसं लेखी सांगितलेलं लागतं, संस्थेने आपल्या मनाने नंतर ठरवून चालत नाही. त्यामुळे देणगीच्या पत्रातच दोन भाग लिहून घ्या, एवढे बांधकामाला, एवढे अमुक स्टुडिओच्या कायम निधीला आणि त्याचं व्याज अमुक कामालाच. हे पत्र नसेल तर सगळा पैसा एका खात्यात जातो आणि मग तो रंगरंगोटीला गेला की वॉचमनच्या पगाराला हे कोणीही सांगू शकत नाही. मी ऑडिट करतो, रोज बघतो.

कंपन्यांकडून सीएसआर (कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च) आणायचा विचार असेल तर एक अडचण. २०२१ पासून सीएसआरचा पैसा कॉर्पसला देता येत नाही, तो कामावर खर्च झालेला दाखवावा लागतो. शिवाय संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी. आणि कंपनीला स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरत नाहीत, त्यामुळे "आमच्या पाइपचं नाव गेटवर" असं कोणी म्हणालं तर तो पैसा वेगळ्या खिशातून यायला हवा. थोडक्यात कंपनीकडून मशिनरी घ्या, भट्टी घ्या, प्रेस घ्या. रोजचा खर्च माणसांच्या कॉर्पसमधून चालवा.

एटीजीचं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं पण सांगतो, लोक फोन करतात. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत नाही. आणि ज्यांनी नवीन टॅक्स रिजीम घेतलीये त्यांना ती सवलत तशीही मिळत नाही. म्हणजे इथून पुढे बरेच लोक टॅक्ससाठी देणार नाहीत, मनापासून किंवा नावासाठीच देतील. नावाला कमी लेखू नका.

सेकंड_इयर_पेंटिंग
मी सध्या कॉलेजात आहे. सगळे मोठे लोक बोलताय म्हणून गप होतो. पण आठे भट्टी बंद शे आनि तुम्ही पाटीवर भांडी ऱ्हायनात.

खरं सांगतो, मातीकाम भाजायची भट्टी आहे, कोणीतरी दिलेलीच आहे, नाव पण आहे तिच्यावर. थ्री फेज कनेक्शन नाही म्हणून चालू होत नाही. आम्ही त्यावर बोर्ड ठेवतो. शिल्पकलेच्या बेसिनमध्ये प्लास्टर जाऊन जाऊन पाइप चोकअप, आता बादलीने पाणी आणतो. टर्पेंटाइनचा वास डोक्यात जातो, एक्झॉस्ट फॅन दोन पैकी एक चालू. डाँकी (चित्र काढायला बसायची बाकं) मोडलेल्या, वर्गणी काढून सुताराकडून ठोकून घेतल्या. मॉडेल म्हणून येणारे बाबा यायचे बंद झाले, मानधन वेळेवर मिळत नाही म्हणून, मग आम्ही एकमेकांनाच बसवतो, सगळ्या वर्गाच्या पोर्ट्रेटमध्ये तीच तीच तोंडं.

आणि एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. नव्या बिल्डिंगच्या समोरच्या बाजूला एलिव्हेशनसाठी एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचे पॅनेल) लागणार आहे, पूर्ण दोन मजले, त्यावर मुख्य दात्यांचं नाव येणार, आत लाइट असलेली अक्षरं. ती बाजू उत्तरेची आहे. पेंटिंग स्टुडिओच्या खिडक्या त्याच्या मागे जातात. सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं तर म्हणे आत एलईडी देतो ना.

उपयोजितवाला
काय????

रंगपेटी
हे मलाही नवीन आहे. थांब रे, नीट सांग, खिडक्या बंद होणार की समोर शीट आणि मागे गॅप?

सेकंड_इयर_पेंटिंग
गॅप आहे पण उजेड येणार नाही. खालच्या मजल्यावर सँपल पॅनेल लावलाय, त्या खोलीत दुपारी पण ट्यूब लावावी लागते.

चाळीसगावची
जे पेंटिंगवाले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. स्टुडिओला उत्तरेचा उजेड का मागतात, तर उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावली फारशी सरकत नाही आणि रंग बदलत नाहीत. आपण साधारण २१ अंशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली, त्यामुळे जूनच्या आसपास सूर्य थोडा उत्तरेला जातो तेवढे दिवस सोडा, बाकी वर्षभर खान्देशाच्या उन्हात हाच एक उजेड कामाचा. मे महिन्यात ४५ अंशाला पश्चिमेच्या खोलीत बसून स्टिल लाइफ करून बघा. एलईडीखाली रंगवलेला पिवळा बाहेर नेला की हिरवट दिसतो.

छायाचित्रकार केकी मूस आठवा. माणूस मुंबईचा पारशी, इंग्लंडमध्ये शिकून आला, आणि चाळीसगावात स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्य काढलं, १९८९ ला तिथेच गेले. त्या बंगल्याला नाव काय दिलं होतं? रेम्ब्रां रिट्रीट. स्वतःचं नाही, बापाचं नाही, ज्या डच चित्रकाराकडून उजेड शिकले त्याचं. टेबलावर कापूस, माती, काड्या मांडून अख्खा हिमाच्छादित देखावा फोटोत उभा करायचे, सगळा खेळ उजेडाचा. त्यांच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात नावाच्या पाटीसाठी उजेड बंद करणार?

जिनप्रेस_रोड
मी नावांच्या बाजूने आहे हे सगळ्यांना माहितीये, पण हे चूक आहे. दात्याला हे माहीत आहे का पण? मला नाही वाटत. शेठ लोक इतके येडे नसतात, त्यांना कोणी सांगितलंच नसणार. आर्किटेक्ट आणि संस्थेने परस्पर ठरवलं असेल.

अमळनेरकर_सुरतला
बरेच दिवसांनी लॉगिन केलं. मी दात्याच्या बाजूने बोलू शकतो कारण मी एक आहे, लहानसा. सुरतला साडी डिझाइनचं काम करतो, उधन्याला निम्मं खान्देश आहे हे तुम्हाला माहीत आहेच.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेला (आपल्या नाही, आणि नाव विचारू नका) आईच्या नावाने प्रिंटमेकिंगची (छापाचित्रांची) खोली करून दिली. एचिंग प्रेस, अ‍ॅसिडसाठी वेगळी मोरी, वाळवायच्या दोऱ्या, सगळं. उद्घाटनाला आई आली होती, तिने स्वतःच्या हाताने प्रेसचं चाक फिरवलं, लिनोची एक छाप काढली. नंतर एकदा कामानिमित्त त्या बाजूला गेलो तर आत गठ्ठे. परीक्षेचे जुने पेपर, मोडके पंखे. प्रेस कोपऱ्यात, त्यावर झेंडे गुंडाळून ठेवलेले. पाटी मात्र चकचकीत, रोज पुसतात बहुतेक. विचारलं तर म्हणाले शिक्षकाचं पद भरलं नाही, विद्यार्थी तो विषय घेत नाहीत, पण पाटी आहे ना साहेब.

त्या दिवसापासून मला पाटीचं काही वाटत नाही. मला जर विचारलं असतं की पाटी हवी का दरवर्षी त्या खोलीत निघालेल्या छापांमधली एक छाप घरी पोस्टाने हवी, तर मी छाप मागितली असती. आईला पण तेच आवडलं असतं, तिने ती लिनोची छाप फ्रेम करून देवघराशेजारी लावलीये.

सीए साहेबांना प्रश्न. दात्याला असं लिहून घेता येतं का, की खोलीचा वापर बदलला तर आधी मला कळवायचं, आणि विषय बंद पडला तर सामान दुसऱ्या चालू कॉलेजला द्यायचं?

सीए_तापीकाठ
येतं, देणगीपत्रात अट म्हणून लिहायचं आणि विश्वस्तांच्या ठरावात ती अट स्वीकारली असं नोंदवून घ्यायचं. ठरावाची प्रत स्वतःकडे ठेवा. जागा विकण्याची वगैरे वेळ आली तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, ते कलम ३६ चं वेगळं. पण यंत्रसामग्री आणि वापराबद्दल पत्र आणि ठराव हेच तुमचं हत्यार. बहुतेक दाते उत्साहात फोटो काढतात आणि कागद कोणी वाचत नाही.

धुळ्याचा_भो
अमळनेरकर दादा, वाईट वाटलं वाचून. मी सुरुवातीला म्हटलं आधी बिल्डिंग होऊ द्या, ते मी अजूनही म्हणतो, पण मुदत आणि वापराची अट टाका. पाच वर्षं ती खोली ज्या कामाला दिली त्या कामाला वापरली नाही तर पाटी उतरवून दात्याला परत. लाजेने तरी चालू ठेवतील.

उपयोजितवाला
मी यात भर घालतो. नाव पूर्ण बिल्डिंगला नकोच. पूर्ण बिल्डिंगचं नाव दिलं की ते फक्त पत्त्यात राहतं. जे.जे.ला किती पोरांना जमशेटजी माहीत आहेत? काला घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिली, आज आपण "जहांगीरला शो लागला" म्हणतो, तो मुलगा कोणाच्या डोक्यात असतो. उलट कामाला नाव दिलं की टिकतं. फेलो म्हणा, दरवर्षीचं एक पोर्ट्रेट बक्षीस म्हणा, भट्टीचं वर्षाचं वीजबिल म्हणा. लंडनच्या स्लेड आर्ट स्कूलचं बघा. फेलिक्स स्लेडने मृत्युपत्रात पैसा ठेवला तो प्राध्यापकांच्या पदांसाठी, ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लंडन तिन्हीकडे, आणि लंडनला १८७१ ला त्यातून अख्खं आर्ट स्कूल उभं राहिलं. पैसा आधी शिकवणाऱ्याला गेला. आपल्याकडे रिकामी पदं किती आहेत ते सेकंड इयरला विचारा.

सेकंड_इयर_पेंटिंग
नका विचारू. शिल्पकलेला एक सर, ते पण तासिका तत्त्वावर.

जिनप्रेस_रोड
अमळनेरचीच गोष्ट यात बसते बघा. प्रताप हायस्कूल म्हटलं की आज लोकांना शेठजींच्या आधी साने गुरुजी आठवतात, १९२४ पासून तिथे मास्तर होते, वसतिगृह सांभाळायचे. शेठजींनी नाव दिलं, ते नाव मोठं केलं मास्तरने. त्यामुळे पदाला देणगी द्यायची आयडिया मला पटली, गेफेनच्या गोष्टीपेक्षा जास्त पटली. पण एक लिहून ठेवतो, पदाला देणारा शेठ शोधायला बारा भानगडी आहेत. त्याला उद्घाटन हवं, नारळ हवा, पेपरात फोटो हवा. पदाचं उद्घाटन कसं करणार? ते जमवा, मी स्वतः सराफ बाजारात चार ठिकाणी घेऊन जातो.

चाळीसगावची
पदाचं उद्घाटन म्हणून त्या सरांचं डेमो ठेवा की! शेठजींना समोर बसवा, दोन तासात मातीत डोकं उभं करून दाखवा, गाव लोटेल. फोटो पण चांगला येईल, फीत कापण्यापेक्षा.

केळीचं_पान
आणि आमच्यासारख्या गाडीमागे देणाऱ्यांचं काय ठरलं? पात्यावर नाव नको, पण काहीतरी पाहिजे बरं का.

उपयोजितवाला
तुमच्यासाठी एक भिंत. जिन्याच्या बाजूला, टेराकोटाच्या टाइल्स, एक टाइल एक नाव. टाइल विद्यार्थ्यांनी करायची, अक्षर हाताने कोरायचं, मागच्या बाजूला करणाऱ्या पोराची सही, ताईंच्या कण्हदासासारखी. रक्कम कितीही असो टाइलचं माप एकच. त्यासाठी भट्टी चालू करावी लागेल, म्हणजे थ्री फेजचं काम आपोआप आधी होईल 😉 पहिली वर्गणी त्यालाच लावा.

धुळ्याचा_भो
हा पोरगा हुशार शे!

केळीचं_पान
चालते. मी माझ्या गटातल्या लोकांशी बोलतो. आजोबांची टाइल पक्की.

रंगपेटी
सगळ्यांचं वाचलं. पत्राचा मसुदा आज रात्री मंडळाच्या ग्रुपवर टाकतो, सीए साहेबांनी कॉर्पस आणि अटींचा परिच्छेद बघून द्यावा. मुदतीवर एकमत दिसत नाही, मी वीस वर्षं लिहितो, ज्यांना आजन्म हवं त्यांनी ग्रुपवर भांडा. टाइलची भिंत लिहितोय. रिकाम्या पदांचं पण लिहितोय, त्यावर संस्था चिडणार हे गृहीत धरा.

पण एसीपीचं पत्राने थांबणार नाही, फॅब्रिकेटर आला की एका आठवड्यात लावून मोकळा होईल. जिनप्रेस भाऊ, मुख्य दात्यांच्या घरी तुमचं येणं-जाणं आहे असं ऐकलंय. त्यांना एकदा साइटवर आणता येईल का? संस्थेच्या माणसांशिवाय नको, त्यांच्यासमोरच, पण त्या सँपल पॅनेलच्या खोलीत उभं करून. दिवसा, ट्यूब बंद करून.

जिनप्रेस_रोड
आणतो. मोठ्या शेठना गुडघ्याचा त्रास आहे, पण खालचाच मजला आहे ना, मग येतील. त्यांची नात पुण्याला डिझाइन शिकतीये, तिला घेऊन येतो, ती बोलली की शेठ ऐकतात. नाव दक्षिणेच्या कंपाउंड वॉलवर, रस्त्याच्या बाजूला घेतलं तर उलट जास्त लोकांना दिसेल असं सांगून बघतो. तिथून बसस्टँडची सगळी गर्दी जाते.

सेकंड_इयर_पेंटिंग
रविवारी नका आणू, कॉलेज बंद असतं, किल्ली मिळत नाही. शनिवारी अकराच्या आसपास या, आमचं पोर्ट्रेटचं प्रॅक्टिकल असतं. सरांना सांगून त्या सँपलच्या खोलीतच लावतो, मॉडेल पण बसवतो.

चाळीसगावची
मॉडेलचं मानधन मी देते या वेळचं. त्या बाबांना बोलवा, एकमेकांना बसवू नका.